विहिरीकडचा एकर विकू नका

वाचकाचं पत्र:

मावशी, मी औसा तालुक्यातली. नाव-गाव छापू नका. बारावी लातूरला केली. कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला इन्स्ट्रुमेंटेशन शाखा लागलीय. पण मला दहावीपासून कम्प्युटरच करायचं होतं, आणि तेही पुण्याच्या एका खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठात. मामासोबत एकदा ते कॉलेज बघून आले तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथंही माझं नाव लागलंय, ५० हजार भरून जागा धरून ठेवलीय. फी वर्षाला साडेचार लाख, होस्टेल आणि मेसचे १ लाख ६० हजार. चार वर्षांचे २४ लाख ४० हजार होतात. बँक ११ टक्क्यांनी १६ लाख द्यायला तयार आहे, पण शेत तारण घेत नाही म्हणाले. मग मामा लातूरचा त्यांचा प्लॉट तारण ठेवायला तयार झाले. राहिलेल्या पैशांसाठी अण्णा विहिरीकडचा एक एकर विकतो म्हणतात. आमची पाचच एकर आहे. भाऊ दहावीला आहे. अण्णा म्हणतात, "जमीन पुन्हा घेता येईल, पोरीचं वय पुन्हा येत नाही." आई काहीच बोलत नाही. परवा हा विषय निघाला तेव्हा तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही. गावात पेढे वाटून झालेत. नाही म्हटलं तर आयुष्यभर मनात राहील, आणि हो म्हणायचं म्हटलं की रात्री झोप येत नाही. काय करू?

उत्तर:

लेकरा,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला, कारण कॅपची मुदत जवळ आली होती. तेव्हा घाईत सांगितलं ते आता सविस्तर लिहिते. तुझ्यासारखंच बोलणं या दिवसांत उदगीर, अंबाजोगाई, परांडा, वसमत अशा किती ठिकाणच्या ओसरीवर चाललं असेल, म्हणून तुझ्या परवानगीनं इथं छापते आहे.

माझं मत आधी सांगते, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला लागायला नको. पुण्याची ती जागा सोड. नांदेडला जा. एकर विकू नका आणि मामांचा प्लॉट अडकवू नका.

मी कर्जाला घाबरणारी बाई नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या शाखांमध्ये गेली, त्यातली बरीचशी आपल्याच भागातल्या तालुक्याच्या गावांत. शैक्षणिक कर्जाच्या कितीतरी फायलींवर मी मनापासून सही केली आहे. कुणाच्या तरी पोराला चार लाखांसाठी घरी बसावं लागू नये, ही माझी तळमळ होती आणि आजही आहे. म्हणूनच सांगते, कर्ज चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. ते कुणाच्या जिवावर उभं राहणार आहे, हा प्रश्न आहे. तुझ्या पहिल्या पगाराला पेलेल एवढं कर्ज असेल तर बिनधास्त घे. पण हे कर्ज तुझ्या पगाराला पेलणारं नाही. ते अण्णांच्या शेतावर आणि मामांच्या प्लॉटवर उभं आहे.

आता वही घे आणि माझ्यासोबत हिशेब कर. बँकेतला माणूस टेबलापलीकडून "शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही" एवढंच सांगतो आणि आपल्याला हायसं वाटतं. पण हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. बँक तुला १६ लाख एकदम देणार नाही, दरवर्षी ४ लाख कॉलेजला पाठवेल. पहिल्या ४ लाखांवर पाच वर्षांचं व्याज चढेल, दुसऱ्यांवर चार, तिसऱ्यांवर तीन, चौथ्यांवर दोन वर्षांचं. ११ टक्क्यांनी सरळ व्याज धरलं तरी ते ६ लाख १६ हजार होतं. म्हणजे पहिला हप्ता भरायची वेळ येईल तेव्हा तुझ्या नावावर १६ नाही, २२ लाख १६ हजार असतील. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साडेतीस हजारांच्या आसपास बसतो. पंधरा वर्षं करून घेतलीस तर हप्ता पंचवीस हजारांवर येतो, पण एकूण भरणा ४५ लाखांच्या वर जातो. बऱ्याच बँका मुलींना अर्धा टक्का सवलत देतात, ती मिळाली तरी हजार-पाचशेचा फरक पडेल, चित्र बदलत नाही. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर ते चढत नाही हे खरं. पण पहिल्या वर्षी महिन्याला ३,६६७ आणि चौथ्या वर्षी १४,६६७ रुपये अण्णा कुठून आणणार?

आता पगाराकडे बघ. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर एका मुलाचा फोटो आणि त्याचं पॅकेज असतं. तो एक मुलगा असतो. मोठ्या आयटी कंपन्या पदवी घेऊन निघालेल्या पोरांना गेली कित्येक वर्षं साडेतीन-चार लाखांच्या आसपासच घेत आल्या आहेत, आणि त्यातले हातात महिन्याला पंचवीस-अठ्ठावीस हजार पडतात. तुझा हप्ता साडेतीस हजार. पुण्यात खोली, डबा, बसचा पास यांचे वेगळे. तुला याहून चांगली नोकरी लागेल असा माझा आशीर्वाद आहे, पण आशीर्वादावर कर्ज काढू नये. कुठल्याही कॉलेजचं खरं बघायचं असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला, दिलेली माहिती असते ती उघड. तिच्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, म्हणजे मिडियन, हे आकडे असतात. सगळ्यांत वरच्या मुलाचा पगार तुला काही सांगत नाही. रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या मुलाचा पगार बघायचा.

आणि हप्ता तुझ्या पगारातून निघाला नाही तर तो कुठून निघणार? एकर विकल्यावर चार एकर राहतात. एकरी सात क्विंटल सोयाबीन धरली, आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव पूर्ण मिळाला असं धरलं, तरी चार एकरांचे १ लाख ४९ हजार होतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी अजून वजा केलेली नाही. तुझा वर्षाचा हप्ता ३ लाख ६६ हजार. चार एकरांचं सगळं पीक घातलं तरी निम्मासुद्धा निघत नाही. हमीभावाचंही तुला माहीत आहे, आडतीवर माल उतरला की भाव काय होतो ते अण्णांना विचार. पावसाचं तर बोलूच नये. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा तू लहान असशील. सप्टेंबर २०२५ मध्ये तेरणा-मांजरा अशा फुगल्या की उभी सोयाबीन पाण्यात कुजली, ते तर तू डोळ्यांनी पाहिलंस. व्याज या दोन्ही वर्षी सारखंच चढतं.

तुमच्या बँकेनं शेत तारण का घेतलं नाही, हेही सांगते, कारण अण्णांना त्यात अपमान वाटला असं तू फोनवर म्हणालीस. त्यात अपमान काही नाही. थकलेल्या कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्यानं करतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँकेला प्लॉट किंवा घर हवं असतं. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घे. मामांचा प्लॉट मात्र त्या कायद्यात येतो. उद्या हप्ते थकले तर नोटीस मामांच्या दारात जाईल. मामांनी मोठ्या मनानं कबूल केलंय, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मामींनाही विचारलंय का? त्यांचीही लेकरं आहेत.

मी एका शाखेत असताना एक शेतकरी यायचे, धोतर-टोपीतले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. मुलाला पुण्याला खासगी कॉलेजात घातलेलं, घर तारण. मुलगा हुशार होता, वाह्यात नव्हता. पण तो पास झाला त्या वर्षी भरतीच थंडावलेली. दीड वर्ष त्याला काही लागलं नाही, लागलं ते बारा हजारांचं. हप्ते थकले, आणि नियमाप्रमाणे आम्ही नोटीस काढली. नोटीस कर्जदाराच्या पत्त्यावर आणि सहकर्जदार म्हणून बापाच्या पत्त्यावर, दोन्हीकडे जाते. ते ती घेऊन आले, माझ्या टेबलावर घडी उलगडली, सगळी माझ्याकडून वाचून घेतली. मी म्हटलं, दादा, काहीतरी भरा, मी वरती बोलून बघते. तर ते म्हणाले, "म्याडम, भरायचं बघतो मी. पर ही चिठ्ठी पोराच्या खोलीवर धाडू नका. त्याच्यासंगं राहणारी पोरं वाचतील. वर माझंच नाव लिवा."

मला ते लिहिता आलं नाही, नियम नव्हता. घर त्यांनी वाचवलं, पण बैलजोडी आणि दोन एकर गेली. आज तो मुलगा चांगला कमावतो असं ऐकते. जमीन पुन्हा आली नाही. अण्णा म्हणतात ना, जमीन पुन्हा घेता येईल? इतक्या वर्षांत शिक्षणासाठी जमीन विकलेले खूप बघितले, विकलेला तोच तुकडा परत घेतलेला एकही बघितला नाही. त्यातून तुमचा विहिरीकडचा एकर. तो गेला की विहीर गेली, आणि उरलेली चार एकर कोरडवाहू झाली. घाईनं विकणाऱ्याला भावही मिळत नाही, घेणाऱ्याला गरज कळलेली असते. वेळ अमावस्येला शेतातल्या पूजेसाठी कडब्याची कोप घालून तुम्ही कुठं बसता? बहुतेक त्या विहिरीकडेच.

आणखी एक. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तुझाही तिच्यात भावाइतकाच वाटा आहे. म्हणजे हा एकर एकट्या अण्णांचा नाही, त्यात तुझा आहे आणि दहावीतल्या भावाचाही आहे. हे अण्णांना कायदा शिकवण्यासाठी सांगत नाही. तू "अण्णा माझ्यासाठी विकतायत, मी कोण नाही म्हणणारी" असं फोनवर म्हणालीस म्हणून सांगते. तुला नाही म्हणायचा हक्क आहे. दोन वर्षांनी भावाची बारावी होईल, तेव्हा विकायला दुसरा एकर नसेल आणि अडकवायला दुसरा प्लॉट नसेल. त्याला तेव्हा काय सांगायचं, हेही आत्ताच ठरतंय.

आता नांदेडकडे ये. तुझ्या पत्रात नांदेडवर अर्धी ओळ आहे, जणू ते कॉलेज नाहीच. विष्णुपुरीचं श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था हे १९८१ पासूनचं कॉलेज आहे, शासनाच्या अनुदानावरचं आणि स्वायत्त. मराठवाड्यातल्या हुशार पोरांची तिथं जायला धडपड चालते. तू ती जागा मेहनतीनं मिळवलीस. पुण्याची जागा मिळायला मेहनतीइतकेच पैसेही लागले, हे कडू वाटेल, पण ध्यानात घे.

आणि पैशांचं ऐक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तू ओबीसीतून आहेस, नॉन-क्रिमीलेअर दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, दोन्ही तुझ्याकडे आहेत असं फोनवर म्हणालीस. म्हणजे नांदेडला तुझी शिकवणीची फी शून्य. हीच सवलत अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही, आणि व्यवस्थापन कोट्यालाही नाही. पुण्याच्या कॉलेजनं तुला हे सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. माझ्या मते तुझ्या सगळ्या प्रश्नातला हा सगळ्यांत मोठा आकडा आहे, आणि तो तुमच्या घरातल्या बोलण्यात आलाच नाही.

राहिला होस्टेल, मेस, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च. वर्षाला ७५ हजार धर, चार वर्षांचे ३ लाख. एवढं घरातून निघत नसेल तर कर्ज काढ, मी स्वतः सांगते काढ. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि जामीनदारही लागत नाही, आई-वडील सहकर्जदार म्हणून सही करतात एवढंच. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तांत्रिक शिक्षणाच्या कर्जावर शिकतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत दे. मग पाच वर्षांचा हप्ता व्याज माफ झालं तर साडेसहा हजार, नाही झालं तर नऊ हजार. पंचवीस हजार पगारातून तो निघतो, आणि वर आईला पाठवायलाही उरतात. याला मी पेलणारं कर्ज म्हणते. होस्टेलला नंबर नाही लागला तर ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कार्यालयात कर. फीमाफीचा फॉर्म शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. खूप मुली दुसऱ्या वर्षी विसरतात आणि मग धावपळ होते. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, तेही आत्ताच बघ.

इन्स्ट्रुमेंटेशनचं तुला दुःख आहे. ते मी हलकं समजत नाही. पण एकदा आपल्याकडच्या साखर कारखान्यात जाऊन बघ. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, वाफेचा वेग कुणीतरी सतत मोजत असतं आणि ठरलेल्या मापात ठेवत असतं. ती मोजणारी आणि आवरणारी यंत्रणा म्हणजे तुझी शाखा. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यातले कारखाने, औषधांच्या कंपन्या, लातूरजवळ हरंगुळला उभा राहिलेला रेल्वे डब्यांचा कारखाना, सगळीकडे हे काम आहे, आणि आज त्यात बरंच काम कोडिंगचंही असतं. तरीही कम्प्युटरच हवं असेल तर कॉलेजात पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचार. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलता येते का, आणि कम्प्युटरमध्ये मायनर, म्हणजे मुख्य शाखेसोबतचा जोडविषय, घेता येतं का. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची शिकवणी फुकट आहे, ती बघायला पुण्याला जावं लागत नाही. आणि चार वर्षांनी गेट ही प्रवेश परीक्षा चांगली दिलीस तर एम.टेक.ला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पुण्याचं कॉलेज पैसे घेऊन जे स्वप्न देतं, त्याच्यापेक्षा मोठ्या दारात तू पैसे घेऊन जाशील.

माझं म्हणणं उलटही होऊ शकलं असतं, तेही सांगते, म्हणजे ही मावशी फक्त नाही म्हणणारी आहे असं वाटायला नको. तुला आयआयटी लागलं असतं तर उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यास शिक्षण शुल्कात दोन-तृतीयांश माफी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी बिनतारण, बिनजामीन कर्ज मिळतं, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूटही मिळते. तसं काही असतं तर मी अण्णांना म्हटलं असतं, सही करा. माझ्याकडे अशाच एका सरकारी कॉलेजात शिकायला गेलेल्या मुलीची फाईल होती, कर्ज साडेतीन लाखांचं. नोकरीला लागल्यावर तीन वर्षांत खातं बंद करायला ती स्वतः आली, बापाला सोबत घेऊन. ना-हरकत दाखला हातात पडल्यावर त्यानं तो दोनदा वाचला, मग टोपी काढून कपाळाला लावला. अशा कर्जासाठीच तर बँका आहेत.

आता अण्णांबद्दल. पोरीसाठी एकर विकायला निघालेला बाप आपल्याकडे अजून किती घरांत सापडतो? तुझ्या वर्गातल्या किती जणींची यंदा सोयरीक बघणं सुरू झालं, तूच फोनवर सांगितलंस. त्यामुळे तुला वाटतं की आपण नाही म्हटलं तर बापाचं मन मोडेल, आणि ही संधी पुन्हा मिळणार नाही. अण्णांनी कबूल केलेली गोष्ट तुझ्या शिक्षणाची आहे, पुण्याची नाही. ती तू टाकत नाहीस. उलट तू तिची राखण करते आहेस. एकर राहिला आणि तू नांदेडला शिकलीस, तर अण्णांनी दिलेलं सगळं वसूल होतं, आणि भावासाठीही घरात काही उरतं. त्यांना तू "मला पुणं नको" असं म्हणू नकोस, ते खोटं आहे आणि त्यांना कळेल. "अण्णा, मला पुणं हवं होतं. पण विहिरीच्या बदल्यात नको," एवढं म्हण. आणि वहीतला हिशेब त्यांच्यापुढे ठेव. शेतकरी माणसाला आकडा समजतो, फक्त कुणी शांतपणे मांडायला हवा.

हिशेब मांडताना आईला शेजारी बसव. तू फोनवर सांगितलंस की ती बचत गटात आहे आणि गटाचं रजिस्टर तिच्याकडेच असतं. म्हणजे तुमच्या घरात हप्ता काय असतो हे तिला सगळ्यांत जास्त कळतं. महिन्याच्या बैठकीला कुणाकडे पैसे नसतात तेव्हा बायका काय करतात, कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हे तिनं बघितलंय. तिची भाकर का करपली, हे मी तुला सांगणार नाही. तू तिला विचार. आजवर या सगळ्यात तिला कुणी विचारलंच नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

मनात राहील म्हणतेस. राहील, लेकरा. दोन-तीन वर्षं राहील. मैत्रिणींचे फोटो येतील, कॉलेजच्या गॅदरिंगचे, मोठ्या लॉनवरचे, आणि तुला हुरहूर लागेल. ते खोटं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. पण ती हुरहूर आणि साडेतीस हजारांचा हप्ता, या दोन्हींचं ओझं सारखं नाही. पेढे वाटलेत त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. पेढे तू इंजिनिअरिंगला लागलीस म्हणून वाटले होते. लागलीच आहेस. गाव चार दिवस बोलेल आणि पेरणीच्या, फवारणीच्या नादाला लागेल.

आता राहिले पुण्यात भरलेले ५० हजार. ते बुडाले असं धरून बसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेश रद्द केल्यावर फी परत करावी लागते, आणि प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी अर्ज दिला तर प्रक्रिया शुल्काची छोटी कपात सोडता सगळी परत करावी लागते. उशीर होत जाईल तसा परताव्याचा टक्का कमी होतो, म्हणून हे उद्यावर टाकू नका. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, तेही त्याच अधिसूचनेत आहे. नांदेडला प्रवेश पक्का करायला तुला त्या लागणारच आहेत, त्यामुळे आधी त्या सोडवा.

अर्ज साध्या कागदावर चालतो, पण तारीख घाल. ज्या खात्यातून ५० हजार गेले त्या खात्याचा नंबर लिही, पावतीची झेरॉक्स जोड. आधी ईमेल कर आणि मग अण्णा नाहीतर मामा कुणीतरी एकदा पुण्याला जाऊन हातानं द्या. लातूरहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी कार्यालय उघडायला तुम्ही दारात असाल. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, आणि तो घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तुझी,
मावशी